सावकाश ये

अण्णांबरोबर गाडीतून जाताना रस्त्यात दगड दिसला की थांबावं लागायचं. लग्नाला निघालेलो असू, देवाला निघालेलो असू, ते चालवणाऱ्याच्या खांद्याला हात लावून म्हणायचे, "जरा बाजूला घे." मग उतरायचे, आधी मागं बघायचे, हात वर करून येणाऱ्या गाडीला सावध करायचे आणि एकेक दगड उचलून गटाराच्या पलीकडं नेऊन ठेवायचे.

घाटात ट्रक बंद पडला की ड्रायव्हर चाकांना दगड लावतो. मागं दहा-पंधरा पावलांवर आणखी चार मांडतो, एखादी फांदी तोडून आडवी टाकतो, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं. ट्रक दुरुस्त झाला की तो निघून जातो आणि दगड तिथंच राहतात. दिवसा चुकवता येतात. रात्री समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर आला की डांबरावरचा काळा दगड दिसत नाही. चारचाकी एखादवेळ सावरते. दुचाकीवाला सावरत नाही. अण्णांनी हे किती वेळा पाहिलं होतं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. दगड उचलताना मात्र त्यांचा चेहरा असा व्हायचा की मागं बसलेल्या कुणाची 'उशीर होतोय' म्हणायची हिंमत होत नसे.

मामेबहिणीच्या लग्नाला जाताना पोलादपूरच्या पुढं असेच सात दगड होते. मी मोजले होते, कारण मुहूर्त जवळ आला होता आणि आई सारखी घड्याळाकडं बघत होती. अण्णांच्या अंगात नवी सफारी होती. सातवा दगड मोठा होता, दोन्ही हातांनी पोटाशी धरून न्यावा लागला. सफारीवर मातीचा आडवा पट्टा उमटला. मी म्हटलं, "दरीत ढकलून द्यायचा ना!" ते म्हणाले, "खाली पायवाट असते गं. गुरं असतात." मग चपलेच्या टोकानं बारीक खडी आणि काचा कडेला सारल्या आणि तसेच, मातीच्या पट्ट्यासकट, मांडवात गेले.

अण्णा महामार्ग पोलिसांत होते. 1979 साली शिपाई म्हणून लागले आणि 31 मे 2016 ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षं जिल्ह्यात गेली. नव्वदच्या दशकात महामार्गासाठी वेगळं सुरक्षा पथक उभं राहिलं, आणि तेव्हापासून मधली थोडी वर्षं सोडली तर त्यांची सगळी नोकरी मुंबई-गोवा रस्त्यावर झाली. या रस्त्याचा नंबर 2010 मध्ये सतराचा सहासष्ट झाला, अण्णा मात्र शेवटपर्यंत 'सतरा नंबर'च म्हणत. बदल्या होत राहिल्या, पण कशेडी घाट त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आला. पोलादपूर सोडलं की चढ लागतो आणि डोंगर ओलांडून खेडच्या अंगाला उतरतो, तो हा घाट. महाडला आमचं घर, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवर अण्णांची चौकी.

बाहेरच्यांना वाटतं की अपघात झाला की हायवे पोलीसच सगळं बघतात. तसं नसतं. गुन्हा स्थानिक ठाण्यात नोंदवला जातो, पंचनामा ठाण्याचे लोक करतात, कोर्टात आरोपपत्र तेच देतात. अण्णांचं काम या सगळ्याच्या आधीचं. आधी पोचायचं. पलटी झालेल्या गाडीतनं माणसं काढायची, ज्याच्यात जीव आहे त्याला आधी रवाना करायचं, क्रेन बोलवायची, दोन्ही बाजूंच्या गाड्या थोपवून एकेरी सोडायच्या, आणि रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर माती टाकायची, नाहीतर मागचा त्याच जागी घसरणार. कागदावर त्यांचं नाव क्वचितच यायचं. कागद सुरू व्हायच्या आत त्यांचं काम उरकलेलं असायचं.

त्यांचा कान विलक्षण होता. सुट्टीच्या दिवशी ओटीवर बसलेले असताना रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून ते सांगायचे, हा ओव्हरलोड आहे, ह्याचा ब्रेक घासतोय. घाटातल्या चौकीत बसून तर त्यांना कळायचं की वरून येणारा न्यूट्रलमध्ये उतरतोय. डिझेल वाचावं म्हणून ड्रायव्हर उतारावर गिअर काढतात. मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर लागेनासे होतात. लोक म्हणतात 'ब्रेक फेल झाला'. अण्णा म्हणायचे, "फेल झाला नाही, वापरून संपवला." आम्हा दोघांना गाडी त्यांनीच शिकवली आणि एकच गोष्ट शंभर वेळा सांगितली: ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा.

लहानपणी मला त्यांच्या नोकरीचा अभिमान नव्हता. पाचवीत असताना वर्गातल्या एका मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "तुझे बाबा ट्रकवाल्यांकडून रोज किती घेतात?" सगळा वर्ग हसला. संध्याकाळी मी अण्णांसमोर उभी राहिले आणि तेच विचारलं. ते पट्ट्याचं बक्कल घासत होते. हात थांबला. "तू काय सांगितलंस तिला?" म्हणाले. मी म्हटलं, काहीच नाही. "बरं केलंस." एवढंच बोलले आणि पुन्हा बक्कल घासायला लागले. मला त्यांचा फार राग आला होता. नाही म्हणून सांगायला काय हरकत होती? आज कळतं की पोरीला 'मी प्रामाणिक आहे' असं सांगायची वेळ यावी, हेच त्यांना लागलं होतं. वर्दीतल्या कुणीच कधी हात पुढं केला नाही असं मी म्हणणार नाही, अण्णांनीही तसं कधी म्हटलं नाही. पण दादाच्या डिप्लोमाच्या फीसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि त्या सुटायला चार वर्षं लागली, हे मला ठाऊक आहे. त्या मुलीला हे सांगायला हवं होतं, असं अजूनही कधीकधी मनात येतं.

त्यांच्या नोकरीचं खरं ओझं मला मागच्या दारी दिसायचं. ड्युटीवरून आले की एरवी ते पुढच्या दारानं यायचे, बूट काढता काढता "काय गं, जेवलात का?" विचारायचे. काही वेळा मात्र पुढचं दार वाजायचंच नाही. मागं धुण्याच्या दगडापाशी बादलीचा आवाज यायचा. आई काही न विचारता तपेल्यातलं गरम पाणी उचलून न्यायची, खुंटीवर धोतराचं पान आणि पंचा अडकवायची आणि मागचं दार ओढून घ्यायची. अण्णा तिथंच, उघड्यावर, कितीतरी वेळ अंघोळ करायचे. आम्ही आतून ऐकायचो. तांब्याचे आवाज संपायचेच नाहीत. मग वर्दी वेगळी भिजवलेली असायची आणि त्या पाण्याला रंग असायचा. अशा दिवशी ते आम्हाला जवळ घ्यायचे नाहीत. जेवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझी वेणी घालायला बसायचे. पोलिसाच्या हाताची वेणी इतकी घट्ट असायची की शाळा सुटेपर्यंत एक केस हलायचा नाही. मला दुखायचं आणि मी ओरडायचे. आता वाटतं, हातांना काहीतरी जिवंत, ऊबदार धरायला हवं असेल त्यांना.

108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली 2014 ला. त्याआधीची पस्तीस वर्षं अण्णांनी जखमी माणसं मिळेल त्या वाहनातून पाठवली. मासळीच्या टेम्पोतून, जीपच्या हौद्यातून, एसटीतल्या प्रवाशांना उतरवून. लोक थांबायचे नाहीत. त्यांना जखमीची भीती नव्हती, पोलिसांची आणि कोर्टाची होती. नेऊन पोचवलं की नाव लिहून घेणार, जबाब घेणार, पुढं चार वर्षं तारखा. अण्णा अशा माणसाला सांगायचे, "तू फक्त ने. आणणारा म्हणून माझं नाव सांग." त्यापायी त्यांनी स्वतः किती तारखा केल्या असतील कोण जाणे. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 ला पक्कं केलं. पुढं 2019 मध्ये ते मोटार वाहन कायद्यातही आलं. निकालाची बातमी अण्णांनी पेपरातून कापली आणि चौकीच्या भिंतीवर चिकटवली. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने उरले होते. आम्हाला ती बातमी फोनवर वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून आला होता. कुठल्या पदकानं झाला नसता इतका आनंद त्यांना त्या चतकोर कागदानं झाला.

आणि फोन. अपघातातल्या माणसाच्या घरी कळवायचं काम बऱ्याचदा अण्णांकडं यायचं. मोबाईल नव्हते तेव्हा खिशातल्या चिठ्ठीवरून, लायसनवरच्या पत्त्यावरून नंबर शोधायचा, मग पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानदाराला, सरपंचाला, शेजाऱ्याला फोन. यात त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधीही मोडला नाही. माणूस गेलेला असला तरी फोनवर 'गेला' म्हणायचं नाही. "अपघात झालाय, दवाखान्यात नेलंय, तुम्ही या. सावकाश या." मी कॉलेजात असताना एकदा भांडले होते त्यांच्याशी. हे खोटं नाही का? लोक वाटेत आशा धरून येतात, नवस बोलत येतात. ते म्हणाले, "फोन घेणारा तसाच गाडीवर बसतो. डोळ्यात पाणी, पायाखाली अॅक्सिलरेटर. एका घरात एका दिवशी दोन जाताना बघितलेत मी." मग जरा वेळानं म्हणाले, "आला की सांगतो मीच. खाली बसवून, पाणी देऊन सांगतो. ते काम मी दुसऱ्यावर टाकत नाही." मी गप्प झाले. पण तेव्हाही मला ते पूर्ण पटलं नव्हतं.

घरच्यांशी मात्र ते नेहमीच चांगले वागले असं नाही, आणि हेही लिहायला हवं. दादानं पहिल्या पगारातून मोटरसायकल घेतली. अण्णांनी त्याला दोनदा हेल्मेटशिवाय पाहिलं. दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा पाहिलं त्या संध्याकाळी ते दादाला न विचारता गाडी घेऊन गेले आणि विकून आले. पैसे टेबलावर ठेवले. पंचवीस वर्षांच्या कमावत्या मुलाशी असं वागणं हा अपमान होता. दादा वर्षभर त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही. आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची. अण्णा झिजले त्या वर्षात, पण माफी मागितली नाही. कशेडीत त्या आठवड्यात काय घडलं होतं ते दादाला फार उशिरा, त्यांच्याबरोबरच्या हवालदारांकडून कळलं. त्याच्याच वयाचा मुलगा होता, त्याच रंगाची गाडी. अण्णांनी तेव्हाच हे सांगितलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं. पण घाटातलं काही घरात आणायचं नाही, हाही त्यांचा नियमच होता. या नियमानं आम्हाला जपलं की आमच्यापासून त्यांना तोडलं, हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

आमचा गणपती दीड दिवसाचा. त्या दीड दिवसात अण्णा घरी आहेत असं मी त्यांच्या नोकरीच्या काळात एकदाही पाहिलं नाही. कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण सुरू झाली, तरी गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी रस्त्यावरून यायचा थांबला नाही. चतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस सतरा नंबर रात्रभर वाहतो. अवजड वाहनं बंद ठेवतात, तरी घाट तुंबतो. कुणाच्या मांडीवर पाटावरची मूर्ती, कुणाच्या कडेवर झोपलेलं पोर, पाऊस, धुकं, चिखल. सगळ्यांना आरतीच्या आत घरी पोचायचं असतं, आणि ती सगळी पोचावीत म्हणून अण्णा रेनकोट घालून वळणावर उभे असायचे. आमच्या घरी आरती दादा म्हणायचा.

पण मोदक त्यांना पोचायचे. आई पहाटे चारला उठून उकड काढायची. नैवेद्य दाखवला की चार पुडांचा डबा भरायचा. खालच्या पुडात वालाची भाजी आणि भात, वर एकवीस मोदक, तुपाची वाटी वेगळी. अण्णांच्या एकट्यासाठी नव्हे, चौकीवरच्या सगळ्यांसाठी. मी किंवा दादा तो घेऊन महाडच्या स्टँडवर पळायचो. कंट्रोलर खिडकीतून हाक मारायचा, "चिपळूण गाडी लागलीय, पळ!" ड्रायव्हर डबा आपल्या सीटच्या मागं ठेवायचा. घाटात चौकीपाशी गाडी जरा हळू व्हायची, अण्णा खिडकीशी यायचे, डबा खाली जायचा, गाडी पुढं. संध्याकाळी परतीच्या एसटीतून रिकामा डबा घासून-पुसून स्टँडवर यायचा. आत कधी सुपारीची फुलं असायची, कधी घाटातली रानहळदीची. इतक्या वर्षांत डबा एकदाही हरवला नाही. कुणी कधी तिकीटही मागितलं नाही.

म्हणून 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री अण्णा का उठले हे मला समजतं. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. रात्री साडेअकराच्या सुमारास सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, 1928 साली बांधलेला. अंधारात आणि पावसात पूल नाही हे कुणाला दिसत नव्हतं. जवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं की पुलावर गेलेली गाडी एकाएकी दिसेनाशी झाली, म्हणून तरी पुढच्या गाड्या थांबल्या. तोवर राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी गेल्या होत्या आणि एक तवेरा. अण्णांना जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्यांनी बॅटरी घेतली, रेनकोट चढवला. आई म्हणाली, "अहो, आता तुमची ड्युटी नाही." ते म्हणाले, "माहितीय." आणि गेले.

पुढचे कितीतरी दिवस ते सकाळी जायचे आणि रात्री यायचे. शोध घेणारे वेगळे होते. एनडीआरएफ होतं, नौदल होतं, तटरक्षक दल होतं. क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून ते पाण्यात सोडत होते, बुडालेल्या गाड्या कुठं लागतात का बघायला. पाणी इतकं होतं की काही देह खाडी ओलांडून पार समुद्रकिनाऱ्याला लागले. अण्णांना तिथं काही काम नव्हतं. ते काठावर वाट बघत बसलेल्या नातेवाइकांजवळ बसायचे. कुणाच्या डोक्यावर छत्री धरायचे, कुणाला चहा आणून द्यायचे, बिस्किटाचा पुडा फोडून हातात ठेवायचे. 'धीर धरा' असं ते कधीच कुणाला म्हणत नसत. "चार घास खा. उद्याही बसायचंय," असं म्हणायचे. त्या मार्गावरच्या कितीतरी ड्रायव्हर-कंडक्टरांनी आमचा डबा नेला होता. त्या दोन गाड्यांवरचेही त्यातले होते का, हे मी अण्णांना विचारलं नाही. मला भीती वाटली.

नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये सुरू झाला. मी सुट्टीला आले होते. अण्णा मला घेऊन गेले आणि आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. मधोमध थांबून त्यांनी कठड्यावर हात ठेवला, खाली पाण्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत. परतताना पुलाच्या तोंडाशी एक दगड होता. उचलला आणि कडेला ठेवला.

निवृत्तीनंतरची वर्षं चांगली गेली, त्याबद्दल थोडंच लिहिते. दादाशी गट्टी जमली, नातवाला मांडीवर घेऊन बसले, आईला पंढरपूर, कोल्हापूर दाखवलं. सगळा प्रवास दिवसा. दादाच्या मुलाला गाडीत बसवलं की पट्टा स्वतः लावायचे, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघायचे आणि मगच दार लावायचे. मी पुण्याला परत निघाले की ठरलेलं वाक्य: "पोचलीस की फोन कर." मी चाळिशीला आले तरी. एकदा पोचून झोपून गेले, तर रात्री दहाला त्यांनी शेजारच्या घरी फोन लावला होता. कशेडीच्या डोंगरातून बोगदा खणायला घेतला तेव्हा ते खूश झाले. पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांवर येणार होता. "माझी चौकी ओस पडणार बघ," म्हणाले, आणि ते म्हणताना हसत होते, मनापासून.

गेल्या वर्षी माघात, रात्री सव्वानऊला दादाचा फोन आला. मी पुण्यात, ताटं वाढत होते. दादा म्हणाला, "अण्णांना बरं नाहीय. दवाखान्यात नेलंय. तू ये. आता नको, उजाडल्यावर निघ. ताम्हिणी रात्री उतरू नकोस. सावकाश ये."

त्याचा आवाज अगदी स्थिर होता. मी म्हटलं, "बरं." एवढंच. फोन ठेवला आणि आमटीची वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "अण्णा गेले." तो म्हणाला, असं कुठं म्हणाला तुझा दादा? त्याला कसं सांगणार? ते वाक्य मी ओळखत होते. त्यातला शब्द न् शब्द अण्णांचा होता.

आम्ही उजाडल्यावर निघालो. ताम्हिणी उतरताना नवरा ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरला. वाटेत मी रडले नाही. घरी पोचले, तेव्हा दादा अंगणात उभा होता. त्यानं मला ओटीवर बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला, मी दोन घोट प्यायले, आणि मग समोर गुडघ्यांवर बसून त्यानं सांगितलं. मला माहीत होतं हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं सगळं तसंच केलं. कॉलेजात अण्णांशी मी ज्यावरून भांडले होते ते मला त्या क्षणी पटलं. ती आशा नव्हती, खोटं नव्हतं. माझ्या बापानं शेकडो अनोळखी माणसांना दिलेली एक रात्र होती ती, जिवंत पोचण्यापुरती, आणि आज ती माझ्याही वाट्याला आली होती.

गणपती आले तेव्हा वर्ष झालं नव्हतं, त्यामुळं घरात सण नव्हता. चतुर्थीच्या पहाटे मला स्वयंपाकघरात आवाज आला. जाऊन बघते तर आई उकड मळत बसलेली. मी म्हटलं, "आई, यंदा नाही ना करायचे?" ती म्हणाली, "घरात नाही करायचे." पुढं काही बोलली नाही. मी हात धुतले आणि पारी करायला बसले.

दुपारी दादानं गाडी काढली. आईच्या मांडीवर तोच चार पुडांचा डबा. पोलादपूरच्या पुढं जुना घाट आणि बोगद्याचा रस्ता वेगळे होतात, तिथं बंदोबस्त होता. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि पाऊस पडत होता. मधोमध एक मुलगी उभी होती, पोलीस शिपाई, पंचविशीच्या आतली. रेनकोटच्या बाह्या दुमडलेल्या, तोंडात शिट्टी. दादानं गाडी बाजूला घेतली. आई डबा घेऊन उतरली आणि पावसात तिच्यापर्यंत चालत गेली. ती आधी रागावलीच. "आजी, रस्त्यात नका येऊ!" मग आईनं डबा पुढं केला. काय सांगितलं ते मला गाडीतून ऐकू आलं नाही. अण्णांचं नाव बहुधा सांगितलं नसावं, कारण ती तशीच गोंधळून बघत राहिली. मग तिनं वरचा पूड उघडला. एका हातानं गाड्या सोडत दुसऱ्या हातानं एक मोदक अख्खा तोंडात टाकला, आणि गाल फुगलेल्या तोंडानं शेजारच्या दोघांना हाक मारली.

आई वळली तेव्हा ती मागून ओरडली, "आजी, डबा परत कुठं पोचवू?"

"खालच्या एसटीत दे," आई म्हणाली. "महाडच्या स्टँडवर, कंट्रोलरकडं ठेवायला सांग."